'सी सी' (हो हो) म्हणजे समजलं असं नाही : साइटवर स्पॅनिश शिकताना

खड्डा सहा फुटांच्या खाली गेला होता. पावसाच्या पाण्याचा पाइप टाकायचा होता आणि ट्रेंच बॉक्स अजून आलेला नव्हता, म्हणजे तो लोखंडी पिंजऱ्यासारखा असतो ना, खड्ड्यात उतरवून ठेवतात, मग माती ढासळली तरी आतला माणूस वाचतो. मी कडेला उभ्या असलेल्या माणसाला इंग्लिशमध्ये नीट सांगितलं की बॉक्स येईपर्यंत आत उतरू नकोस. तो हसून म्हणाला, यस यस, ओके. मी ड्रॉइंग बघायला वळले, दोन मिनिटांनी मागे बघते तर हा खाली उतरून फावडं मारतोय. माझ्या तोंडून सरळ मराठीच निघालं, "अरे वर ये, वर ये आधी!" आणि माझा चेहरा बघून तो चढून वर आला. नंतर कळलं की त्याला माझ्या वाक्यातलं फक्त बॉक्स आणि आत जा एवढंच कळलं होतं.

ह्यूस्टनची माती चिकण आहे. दिसायला भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि मग एकदम कोसळते. एक क्युबिक यार्ड मातीचं वजन एका छोट्या कारएवढं भरतं. पाच फूट किंवा त्याहून खोल खड्डा असेल तर (अखंड खडक सोडून) आधाराशिवाय माणूस उतरवायचा नाही हा इथला ओशाचा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं जे सरकारी खातं आहे त्याचा, नियम आहे, आणि तो मला पाठ होता, पण माझं पाठांतर त्या माणसाच्या काय कामाचं होतं? त्या रात्री मला झोप लागली नाही. स्पॅनिश शिकायला मी त्या दिवसापासून लागले.

थोडं आधीचं सांगते. मी सांगलीची, सिव्हिल केलं, मग पुण्यात वाकडला दोन वर्षं साइटवर काढली, मग इकडे एमएस आणि मग टेक्सासमध्ये फील्ड इंजिनियर. टेक्सासमध्ये बांधकामावरची निम्म्याहून जास्त माणसं हिस्पॅनिक, म्हणजे मूळची स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली आहेत, आमच्या साइटवर तर काँक्रीटची अख्खी टोळी, म्हणजे ते ज्याला क्वाद्रिया म्हणतात ती, ग्वानाहुआतो आणि सान लुइस पोतोसी या मेक्सिकोतल्या राज्यांमधली, काही होंडुरासचे, एक-दोघं ग्वाटेमालाचे. सकाळी साडेसहाला सेफ्टीचं बोलणं व्हायचं, सुपरिंटेंडंट दहा मिनिटं इंग्लिशमध्ये वाचायचा, मग एक दोन्ही भाषा येणारा पोरगा त्याचं दोन वाक्यात स्पॅनिश करायचा आणि वीस माणसं माना डोलवायची. ट्रेनिंग कामगाराला कळेल अशाच भाषेत द्यायला हवं हे ओशाने २०१० साली परत एकदा स्पष्ट लिहून दिलंय. पण कागदावर सह्या झाल्या की झालं असं सगळ्यांनीच धरलेलं असायचं, मी पण धरलेलं होतं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, मोबाईलवर अ‍ॅप. तीन महिने रोज रात्री वीस मिनिटं. मांजर दूध पिते, मुलगी सफरचंद खाते, माझ्या काकांचं घर मोठं आहे. मग कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा क्लास लावला, तिथल्या बाई स्पेनच्या, शिकवायच्या फार मन लावून, पण हॉटेलात खोली कशी मागायची आणि स्टेशन कुठे आहे याच्यातच सगळा जीव. मी एकदा त्यांना काँक्रीट आणि शटरिंगला (काँक्रीट ओतायचा साचा) काय म्हणतात विचारलं तर त्यांनी ओर्मिगोन आणि एन्कोफ्रादो सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी ऐटीत साइटवर वापरलं तर टोळी माझ्याकडे बघतच राहिली. तिथे काँक्रीट म्हणजे कोंक्रेतो, शटरिंग म्हणजे सिंब्रा, स्लॅब भरणं म्हणजे कोलादो. पुस्तकातलं चुकीचं नव्हतं, ते वेगळ्या देशाचं होतं. आपण कोकणात जाऊन कुणाला विदर्भातलं बोलायला लावल्यासारखं.

तेव्हा मी ठरवलं की क्लास चालू ठेवायचा पण शब्द साइटवरूनच उचलायचे. जॅकेटच्या खिशात मावेल एवढी वही घेतली आणि सगळं देवनागरीत लिहायला लागले. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा जो फायदा झाला तो मी प्रत्येक मराठी माणसाला सांगते. स्पॅनिशचे स्वर पाचच आणि स्वच्छ, अ ए इ ओ उ, जसं लिहाल तसं वाचा. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला जीभ लावून येतो, तो अमेरिकन माणसाला कितीही शिकवला तरी पटकन जमत नाही. सळई म्हणजे बारिया (लिहिताना व्ही असतो पण म्हणतात ब), खड्डा म्हणजे सान्हा, परांची म्हणजे आंदामिओ, रिंग (उभ्या-आडव्या सळयांभोवती घालतात ती) म्हणजे एस्त्रीबो, बांधायची तार आलाम्ब्रे, स्लंप (ओलं काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) म्हणजे रेवेनिमिएंतो. शिडी आणि जिना दोन्हीला एस्कालेराच, त्यामुळे तिथे हाताने दाखवावंच लागतं. सळईचे नंबर मात्र डोक्यात बदलावे लागले, इकडे पाच नंबर म्हणजे पाच अष्टमांश इंच, म्हणजे आपली जवळजवळ १६ एमएम.

व्याकरण तर मला वाटलं होतं त्याच्या अर्ध्याने सोपं गेलं. क्लासमधल्या अमेरिकन लोकांना टेबल स्त्रीलिंगी का याचा भयंकर त्रास व्हायचा, आपल्याला खुर्ची ती आणि पाट तो हे जन्मापासून माहीत. आणि 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य बाईंनी फळ्यावर लिहून पंधरा मिनिटं समजावलं की इथे कॉफी ही कर्ता आहे आणि मी कर्ता नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, मला कॉफी आवडते, यात समजावण्यासारखं काय आहे! 'मे दुएले ला एस्पाल्दा' म्हणजे माझी पाठ दुखते, दुखणारी पाठच. दमले हे सांगताना बाईने कान्सादा म्हणायचं आणि पुरुषाने कान्सादो, मी दमले, तो दमला. तू ला तर तूच म्हणतात.

या तू वरून माझी एक चूक झाली. अ‍ॅपने सगळीकडे तू शिकवलेलं, आणि मी टोळीच्या फोरमनशी, त्याला ते मायोर्दोमो म्हणतात, आपला मुकादमच, त्याच्याशी सुरुवातीपासून तू तू करत होते. माणूस पंचावन्नचा, तीस वर्षं काँक्रीटमध्ये गेलेली, हाताची बोटं सळईसारखी. तो मला कधी काही बोलला नाही, उत्तर देताना मात्र कायम उस्तेद म्हणजे तुम्ही म्हणायचा. एक महिन्याने माझ्या लक्षात आलं की मी वडिलांच्या वयाच्या माणसाला सगळ्या टोळीसमोर अरेतुरे करतेय. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन सरळ माफी मागितली, म्हटलं मला फरक माहीत नव्हता, आमच्या भाषेत पण आहे, तरी मी चुकले. तो म्हणाला काही हरकत नाही, इन्हे. इन्हे म्हणजे इन्हेनिएरोचं छोटं, इंजिनियर, आपल्याकडे साइटवर साहेब म्हणतात तसं, बाई असो की पुरुष. पण त्या दिवसानंतर तो मला स्वतःहून चुका दाखवायला लागला. बोलता बोलता थांबवायचा आणि बरोबर वाक्य हळू म्हणून दाखवायचा.

घरी फोनवर बाबांना हे सगळं सांगायचे. बाबा सांगलीत सेंट्रिंगची कामं घ्यायचे, त्यांच्याकडची माणसं विजापूरकडची, आणि बाबा त्यांच्याशी मोडक्या कन्नडमध्ये बोलायचे, मी लहानपणी ते ऐकलंय, फळ्या मोजताना ओंदु एरडु मूरु. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलात का हे कसं विचारतात त्यांच्यात?" मला सळईच्या अंतरापासून सगळं येत होतं आणि हे येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. या कोमिओ? हुबेहूब आपलंच, जेवलात का. आणि कुणी जेवत असेल तर बाजूने जाताना प्रोवेचो म्हणायचं, म्हणजे अंगी लागो. हे दोन शब्द यायला लागले आणि माझी दुपारची जेवायची जागा बदलली, ऑफिसच्या ट्रेलरमधून उठून मी सळयांच्या गठ्ठ्यावर बसायला लागले. माझी चपाती भाजी आणि त्यांच्या तोर्तिया, मिरचीवरून तर रोजच चर्चा.

तिथेच एक दिवस ते पैशाबद्दल बोलत होते आणि माझ्या कानावर पागार पडलं. पागार म्हणजे पैसे देणं. मी म्हटलं हा तर आमचा शब्द आहे, आम्ही महिन्याच्या पैशाला पगार म्हणतो! मग मी शोधतच सुटले. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, गोवा वसई चौलच्या वाटेने, आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी. चावी पोर्तुगीजमधून आली, स्पॅनिशमध्ये ती यावे. दाराची बिजागरी तिकडे बिसाग्रा. बादली बाल्दे (माझी टोळी मात्र कुबेता म्हणते). आपलं घमेलं पण पोर्तुगीजच. आणि मला सगळ्यात आवडलं ते मिस्त्री, पोर्तुगीज मेस्त्रे वरून आलेला, ज्याचा स्पॅनिश भाऊ माएस्त्रो. मेक्सिकोत मुरलेल्या गवंड्याला हाक मारताना माएस्त्रोच म्हणतात. म्हणजे बाबांच्या साइटवर "ओ मिस्त्री" आणि माझ्या साइटवर "माएस्त्रो", एकच हाक. मी हे टोळीला सांगितलं तेव्हा मायोर्दोमोने दोनदा म्हणून बघितलं, मिस्त्री, मिस्त्री.

आता जे अवघड गेलं ते. आकडे! साठ म्हणजे सेसेंता आणि सत्तर म्हणजे सेतेंता, मधल्या एका अक्षराचा फरक, आणि तो वॉकीटॉकीवर पंपाच्या आवाजात ऐकायचा. ऑगस्टमध्ये स्लॅब होता, राहिलेल्या भागाला किती क्युबिक यार्ड काँक्रीट लागेल ते मायोर्दोमोने सांगितलं, मी साठ ऐकलं, त्याने सत्तर म्हटलं होतं. एका गाडीत साधारण नऊ-दहा यार्ड येतो, म्हणजे पूर्ण एक गाडी कमी मागवली गेली. शेवटचा कोपरा उघडा आणि प्लांटवरून पुढची गाडी यायला चाळीस मिनिटं, वर अडतीस डिग्री ऊन. त्या चाळीस मिनिटांत त्या लोकांनी काँक्रीटची कड ओल्या गोणपाटाने झाकून, परत परत व्हायब्रेटर लावून जिवंत ठेवली, नाहीतर तिथे कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रीट एकजीव न झालेला सांधा, आलाच असता. चूक माझी होती आणि घाम त्यांनी गाळला. तेव्हापासून मी आकडा कधीच नुसता ऐकत नाही, सिएते सेरो, सात शून्य असा सुटा करून परत म्हणते आणि समोरचा हो म्हणेपर्यंत फोन लावत नाही.

दुसरं म्हणजे जे शब्द कुठल्याच धड्यात नसतात ते. एकदा मी दुसऱ्या मजल्याच्या खालून चालले होते आणि वरून कुणीतरी ओरडलं, आग्वास! आग्वा म्हणजे पाणी, मला वाटलं कुणाला तरी पाणी पाहिजे, मी शांतपणे वर बघितलं आणि तेवढ्यात बाजूच्या पोराने मला हाताला धरून ओढलं. प्लायवूडची अख्खी शीट मी उभी होते तिथे येऊन पडली. मेक्सिकोत आग्वास म्हणजे सांभाळा, जपून. पूर्वी खिडकीतून रस्त्यावर सांडपाणी फेकायच्या आधी असं ओरडायचे अशी गोष्ट ते सांगतात. पुस्तकातला शब्द कुइदादो, तो मला येत होता, पण जीव वाचवायच्या वेळी माणूस पुस्तकातला शब्द वापरत नाही. त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने आग्वास लिहिलं आणि नवीन कुणी इंजिनियर आला की त्याला मी हार्नेस द्यायच्या आधी हा शब्द देते.

आओरिता हा पण तसाच. अर्थ आत्ता, लगेच. प्रत्यक्षात तो आत्ताही असतो, तासाभरानेही असतो आणि कधीकधी उद्याही असतो. आपलं "करतो ना" जसं आवाजावरून ओळखावं लागतं तसंच ते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सी. सी म्हणजे हो. एंतेंदिओ, समजलं का, असं विचारलं की उत्तर सी येणारच, कारण साइटवर बाहेरच्या देशातून आलेला माणूस इंजिनियरला नाही समजलं असं म्हणणार नाही, त्याला उद्या कामावर यायचं असतं. बाबांच्या साइटवरही कुणी म्हणायचं नाही. मायोर्दोमोनेच मला सांगितलं की असं विचारू नका, मे एक्स्प्लिको असं विचारा, म्हणजे माझं सांगणं नीट झालं का. ओझं सांगणाऱ्यावर. मग मी त्याच्या पुढे जाऊन हो-नाहीचे प्रश्नच बंद केले. इथे किती सळया येणार? किती इंचावर? खड्ड्यातून बाहेर कुठून येणार, शिडी कुठे लावणार? (चार फुटांच्या खाली गेलं की शिडी आत असलेल्या माणसापासून पंचवीस फुटांच्या आत पाहिजे.) तो स्वतः हाताने दाखवतो, बोलतो, आणि चुकत असेल तर तिथेच कळतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा त्याचं बरोबर असतं आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये घोळ असतो. एका कॉलममध्ये सळयांची इतकी गर्दी होती की काँक्रीट आत उतरणारच नव्हतं, हे मला सळई बांधणाऱ्या माणसाने सांगितलं, ओतायच्या दोन दिवस आधी. तो म्हणाला, हे मागच्या साइटवर पण दिसलं होतं. मी विचारलं मग तिथे सांगितलं नाहीत? तर म्हणाला, कुणाला सांगणार?

उन्हाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्टिनने २०१० मध्ये आणि डॅलसने २०१५ मध्ये नियम केला होता की बांधकामावर दर चार तासांना दहा मिनिटं विश्रांती द्यायचीच. २०२३ मध्ये राज्याने कायदा केला की शहरांचे असे नियम चालणार नाहीत. आम्ही ह्यूस्टनला, आमच्याकडे तसा नियम आधीही नव्हता. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही, दहा मिनिटांनी कुठलीच बिल्डिंग उशिरा होत नाही. असो. जुलैमध्ये मी रोज दुपारी दोननंतर एक फेरी मारायला लागले, प्रत्येकाला विचारायचं कसं वाटतंय. बहुतेक जण ब्येन ब्येन म्हणजे ठीक आहे म्हणायचे. एका दुपारी होंडुरासच्या एका पोराने, विशीतलाच असेल, ब्येन म्हटलं आणि मग मी पुढे जायला लागल्यावर हळूच म्हणाला, आंदो मारेआदो, इन्हे. चक्कर येतेय. मारेआदो हा शब्द मी त्याच आठवड्यात वहीत लिहिला होता, पेटके म्हणजे कालाम्ब्रे त्याच्या खाली. त्याच्या हाताला घाम नव्हता आणि बोलणं जड झालेलं. त्याला धरून सावलीत नेलं, बर्फ मानेला आणि काखेत, ॲम्ब्युलन्स बोलावली. तो वाचला, तीन दिवसांनी कामावर आला. पण हा पोरगा आधीच्या उन्हाळ्यात असता तर? तेव्हा मी त्याला "ओके?" विचारलं असतं आणि तो ओके म्हणाला असता.

तीन मे हा सांता क्रूसचा दिवस, मेक्सिकोत गवंड्यांचा सण. चालू कामाच्या सगळ्यात उंच जागी लाकडी क्रूस लावतात, रंगीत कागदाची फुलं करून सजवतात आणि मग सगळे मिळून जेवतात. आमच्या टोळीने दोन फळ्यांचा क्रूस केला, फुलं त्यांच्या बायकांनी घरून करून पाठवली होती, आणि मला वर बोलावलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पायाच्या वेळी नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात, पहिल्या स्लॅबला पेढे वाटतात. हे सगळं स्पॅनिशमध्ये सांगताना मला नारळ सोडून एकाही गोष्टीचा शब्द येत नव्हता, हळदीला आमारिया, पिवळी, असं काहीतरी म्हणून भागवलं, पण कुणी घाई केली नाही, थांबून ऐकलं. मायोर्दोमोने विचारलं हे कोण करतं, मालक की कामगार? मी म्हटलं मालक करतो, आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतो. टॉवेल-टोपीचं त्यांना फार आवडलं.

आता दीड वर्ष झालं. भूतकाळाची दोन रूपं अजून गडबडतात, फोनवर बोलताना अजून घाबरायला होतं, समोर हात दिसत नाहीत ना. नवीन साइटवर ग्वाटेमालाचे जास्त आहेत आणि त्यातला एक जण माझ्यासारखाच थांबून थांबून स्पॅनिश बोलतो. मला वाटलं लाजतोय. एक दिवस जेवताना त्याने सांगितलं की त्याची भाषा किचे, माया लोकांची, स्पॅनिश तो शाळेत शिकला आणि त्याच्या आईला अजून येत नाही. म्हणजे इतके दिवस मी स्पॅनिशमध्ये काही सांगून निर्धास्त व्हायचे तेव्हा त्याचं पण सी सीच चाललेलं असणार. मी वही काढली आणि विचारलं, तुमच्यात थँक्यूला काय म्हणतात. तो म्हणाला, माल्त्योश. मी तीनदा म्हणून दाखवलं, तिसऱ्या वेळी त्याने मान हलवली. मग मी विचारलं, आणि आग्वासला?